जगबुडीची मालिका आणि दादांचं डिझेल इंजिन

ब्योब्लिंगन (जर्मनी), रविवार दुपार

ती. आई आणि दादांस,


आई, आधी महत्त्वाचं. आमच्याकडे वीज आहे. काल होती, आज आहे, आणि खात्यातून पैसे ज्या नेमाने कापले जातात ते बघता उद्याही असेल. तेव्हा पुन्हा पहाटे साडेपाचला फोन करून "अगं, तुमच्याकडे चूल नाही, रॉकेल नाही, पोरीला थंडीत काय घालशील?" असं विचारू नकोस. तुझी पहाट म्हणजे आमची ऐन मध्यरात्र. अभिजितला वाटलं, दादांना काही झालं. दादा मात्र मागून "तिला विचार, शेजारी कुणाकडे हँडलचं इंजिन आहे का" असं ओरडत होते. तेवढ्यावरून कळलं की दादांची तब्येत ठणठणीत आहे.

आज पत्र लिहायला सवड आहे, कारण रविवारी इथे काहीच करता येत नाही. व्हॅक्यूम क्लीनर लावायचा नाही, भिंतीत खिळा ठोकायचा नाही, काचेच्या बाटल्या टाकायच्या डब्याशी जायचं नाही, आवाज होतो म्हणून. कुकरच्या शिट्टीबद्दल अजून कुणी काही बोललेलं नाही, पण मी आपली तिसरी झाली की पटकन गॅस... गॅस कुठला, शेगडी बंद करते. तीही विजेचीच. हे वाक्य दादांनी आईला वाचून दाखवू नये.

तर या सगळ्याच्या मुळाशी चिनू आहे. सुट्टीत आजीला गुंतवून ठेव म्हटलं तर त्याने पेनड्राइव्हवर 'रेव्होल्यूशन' नावाची मालिका आणून लावली. जगातली वीज एका रात्रीत जाते, विमानं आकाशातून खाली पडतात, आणि गोष्ट पुढे पंधरा वर्षांनी सुरू होते: सरकार नाही, सैन्यवाल्यांची राज्यं, हातात तलवारी आणि धनुष्यबाण. चिनू इंग्रजीचं मराठी करणार, तू त्यात तुझ्या मनाचं घालणार आणि आत्या सांगवीहून येऊन उरलेलं पूर्ण करणार. वहिनीने फोनवर तुमचे एकेकाचे शेरे सांगितले तेव्हा मी भाजी करपवली. मग राहवेना, म्हणून आम्हीही बघायला घेतली.

ही मालिका अमेरिकेत १७ सप्टेंबर २०१२ ला सुरू झाली. आठवतंय का ते वर्ष? जुलैच्या ३० आणि ३१ तारखेला दिल्लीपासून आसामपर्यंत ग्रिड कोसळलं होतं, साठ कोटींवर लोकांच्या भागातली वीज गेली होती, खाणीत कामगार अडकले होते, रेल्वेगाड्या जागच्या जागी उभ्या होत्या. पश्चिमेकडचं ग्रिड वाचलं, म्हणून आपण पिंपळे गुरवमध्ये पंख्याखाली बसून ते टीव्हीवर बघितलं. सातच आठवड्यांनी अमेरिकेतल्या एक कोटीहून जास्त लोकांनी पहिला भाग बघितला आणि घाबरले. आमच्या वेळी चार-चार तास जायची, तेव्हा कुणी आमच्यावर मालिका काढली नाही.

दादा, तुमचा मुद्दा मला शंभर टक्के पटला. वीज गेली म्हणून गाड्या बंद पडल्या, हे पेट्रोलच्या बाबतीत ठीक, स्पार्क लागतो. पण डिझेलला कुठे लागतो? खडकीचं किर्लोस्कर नाहीतर सातारचं कूपर, हँडल मारलं, डीकॉम्प्रेशनचा खटका सोडला की धडधडायला लागतं. शेतावरच्या इंजिनाला कुणी बॅटरी लावलेली मी पाहिली नाही. हे भोसरीच्या टूलरूममधून रिटायर झालेल्या माणसाला कळतं, मग तिथल्या लेखकांना कुणी सांगितलं नाही का? तिथल्या प्रेक्षकांनीही अशाच शंका काढल्या होत्या: वाफेची इंजिनं का नाहीत, शरीरातल्या नसांची वीज कशी चालू राहते, मग ईसीजी कशाचा काढायचा. पाचव्या भागात वाफेची आगगाडी निघाली तेव्हा तुम्ही "आत्ता कुठे डोकं चालायला लागलं" म्हणालात म्हणे. पुढे कळतं की डोळ्यांना न दिसणारे अब्जावधी यंत्रकण सगळी वीज शोषून घेताहेत. ते आलं की तुम्ही काय म्हणाल, ते मला कळवा. नाही, नको. वहिनीला सांगा, ती गाळून कळवेल.

आई, तुझ्या शंका जास्त अवघड आहेत. पंधरा वर्षं साबण नाही तर त्या नायिकेचे, चार्लीचे केस आत्ताच न्हाऊन आल्यासारखे कसे? कपड्यांना इस्त्री कोण करतं? आणि मीठ कुठून आणतात? केसांवरून आणि कपड्यांवरून अमेरिकेतल्या बायकांनीही भरपूर तोंडसुख घेतलं होतं, पण मिठाचं तुझ्याशिवाय कुणाला सुचलं असेल असं वाटत नाही. आत्याचा राग वेगळाच. मेलेली म्हणून सांगितलेली आई जिवंत निघते, मुलगी काकाला शोधत शिकागोला जाते, आणि तो काकाच या सगळ्या उपद्व्यापातला भागीदार निघतो. यात आत्याला नवल काय वाटलं? काका-पुतण्यांच्या भानगडींवर तर आपल्या राज्याचं राजकारण चाललंय.

मंग्याला मात्र सांग, मालिकेतला तो जाडा, चष्मेवाला आरन म्हणजे हुबेहूब तो. गूगलमध्ये मोठा साहेब होता, पैशाला तोटा नव्हता, वीज गेल्यावर साधं चालणंही झेपेना, म्हणून गावातल्या पोरांना शिकवतो. हिंजवडीच्या लोकांनी निदान काडी ओढून स्टोव्ह पेटवायला शिकून ठेवावं. मंग्या रागावला तर म्हणावं, गेल्या दिवाळीत फराळाच्या पार्सलमधल्या चकल्या कुणी खाल्ल्या ते मला माहीत आहे.

आत्याने तुला भरवलं ना, जर्मनीने अणुभट्ट्या बंद केल्या म्हणून? खरं आहे. शेवटच्या तीन १५ एप्रिल २०२३ ला बंद झाल्या, त्यातली एक, नेकरवेस्टहाइमची, आमच्यापासून तासाभरावर. त्या रात्रीही दिवा लुकलुकला नाही. वर्षाकाठी माणशी सरासरी बारा-तेरा मिनिटं वीज जाते इथे. मिनिटं, आई. एवढ्या वेळात आपल्याकडे मेणबत्ती कुठल्या खणात ठेवलीय यावरून तुमचं दोघांचं भांडणही पुरं व्हायचं नाही. तरी सरकारी पुस्तिका घरोघर सांगते की दहा दिवसांचा शिधा भरून ठेवा, माणशी रोज दोन लिटर पाणी, बॅटरीवरचा रेडिओ, काडेपेट्या. खालच्या मजल्यावरच्या आजीबाईंनी तळघरात शेवयांची आणि डबाबंद राजम्याची रास लावलीय. माझ्या मांडणीवर तुझी भाजणी, मेतकूट, सातूचं पीठ, कुळथाचं पीठ. पुस्तिकेवाले आले तर मला पदक देतील.

आता मला संताप कशाचा आहे तो ऐका. वीज युनिटला चाळीस सेंट, म्हणजे आपले चाळीस रुपये, हे तुला मी मागेच सांगितलं होतं आणि तू दोन दिवस जेवली नव्हतीस. त्यावर कडी म्हणजे टीव्हीची पट्टी. महिन्याला १८ युरो ३६ सेंट. आमच्या घरात टीव्ही नाही. मी त्या पट्टीवाल्यांना सभ्य भाषेत कळवलं, टीव्ही नाही, रेडिओ नाही, मालिका आम्ही लॅपटॉपवर बघतो आणि तीही अमेरिकन. उत्तर आलं, दोन पानी, अतिशय नम्र: २०१३ पासून ही पट्टी उपकरणावर नाही, घरावर आहे. घर आहे ना? मग भरा. तीन महिन्यांचे ५५ युरो ८ सेंट. पाच हजारांच्या वर रुपये, न बघितलेल्या बातम्यांचे! दादा, तुम्ही पोस्टात जाऊन मर्फी रेडिओचं लायसन नूतन करायचात, त्याची आम्ही किती थट्टा केली. पण तुमच्याकडे रेडिओ तरी होता. मी अभिजितला म्हटलं, त्या मालिकेसारखी जगाची वीज गेली ना, तर सगळं बंद पडेल, पण घोड्यावर बसून एक माणूस येईल आणि दारात ५५ युरो ८ सेंटचं पाकीट टाकून जाईल. अभिजित हसला नाही. त्याच्या खात्यातून जातात.

थांबा, ओवीला पोळी हवीय.

हं. ओवीची प्रतिक्रिया राहिलीच. युद्ध, उपासमार, माणसं मारणं, हे सगळं तिने शांतपणे बघितलं. फोन पंधरा वर्षं बंद, हे कळल्यावर मात्र चेहरा उतरला. ऑस्टिनच्या सुनीलदादाने तिची समजूत काढली. त्याच्याकडे तर खरंच झालं ना! त्या मालिकेचा दुसरा सीझन टेक्सासातच चित्रित झाला, आणि फेब्रुवारी २०२१ च्या बर्फात तिथल्याच पंचेचाळीस लाखांवर घरांची वीज गेली. सुनीलदादाने फ्रीजमधलं सगळं अंगणातल्या बर्फात पुरलं, कॅम्पिंगच्या शेगडीवर पिठलं केलं, आणि शेजारचे तीन घरचे लोक वाटी घेऊन आले. तलवार कुणीच काढली नाही.

चाकणहून डेप्युटेशनवर आलेल्या मुलाबरोबर पाठवलेली पिशवी पोचली. मेणबत्त्या, विजेरी, वातीचं बंडल ठीक. पण आई, कंदील? त्याने तो हातातल्या सामानात ठेवला होता. विमानतळावर तिघा अधिकाऱ्यांनी उलटापालटा करून बघितला, काच वर केली, वात वरखाली केली. पोरगा घामाघूम. शेवटी एकजण म्हणाला, माझ्या आजोबांच्या गोठ्यात असाच होता, आणि फोटो काढून सोडून दिलं. आता तो खिडकीत आहे. येणारे-जाणारे विचारतात, कुठल्या दुकानातून घेतला, केवढ्याला.

त्याच्याकडे बघून मला आपली गच्ची आठवते. दादा, तुमची सुट्टी गुरुवारी, आमची रविवारी. पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांना विजेचा भार वाटून घ्यायला गुरुवारची सुट्टी, आणि वीजवाल्यांचं दुरुस्तीचं कामही नेमकं गुरुवारीच. तुम्ही घरी असायचात तेव्हा पंखाही नसायचा, टीव्हीही नसायचा, म्हणून तुम्ही आमच्या शाळेच्या वह्या तपासत बसायचात. नंतर भारनियमनाची वर्षं आली. रात्री गेली की चटया घेऊन सगळी बिल्डिंग गच्चीवर. वरच्या काकूंच्या शेंगा, आत्याच्या भुताच्या गोष्टी, आणि पवनेच्या पलीकडे दापोडीत दिवे दिसले की "त्यांची कशी नाही गेली?" हा रोजचा प्रश्न. मग २००६ मध्ये कंपन्यांनी स्वतःचे जनसेट चालवून ग्रिडवरची वीज पुण्याला आणि आपल्याला सोडली, भारनियमन थांबलं, दादा "हे आमच्या जनसेटच्या डिझेलवर चाललंय" असं प्रत्येक पाहुण्याला सांगायला लागले, आणि चटया माळ्यावर गेल्या.

इथे मागच्या महिन्यात रस्त्याच्या कामासाठी वीस मिनिटं गेली होती. तीन आठवडे आधी पत्र, दारावर नोटीस, वेळेसकट. बरोबर वेळेला गेली. कुणीही बाहेर आलं नाही. आमच्यावर कोण राहतं हे मला अजून नीट ठाऊक नाही, वाटलं आज दिसतील, नाहीच. मग दिवे लागले आणि माझ्या तोंडून सवयीने, गच्चीवरून ओरडायचो तसं, "आऽऽली!" निघालं. जिन्यात नुसता घुमला आवाज. खालच्या आजीबाई धापा टाकत वर आल्या, कुणी पडलं का विचारायला. त्यांना चहा दिला, आल्याचा. तासभर बसल्या. युद्धानंतरच्या हिवाळ्यात त्यांची आई एका खोलीत चूल पेटवून सगळ्यांना कशी झोपवायची, ते सांगत होत्या.

आई, तू पहाटे फोन का केलास ते मला खरं तर त्या मॅगीचा भाग बघितल्यावर कळलं. ती इंग्लंडची डॉक्टर, वीज गेली तेव्हा कामासाठी अमेरिकेत, पोरं तिकडे समुद्रापलीकडे. विमान नाही, फोन नाही. पोरांचे सगळे फोटो त्या बंद फोनमध्ये, आणि ती तो फोन पंधरा वर्षं खिशात घेऊन हिंडते. वहिनी म्हणाली, तिथे तू चिनूला बंद कर म्हणालीस आणि देवघरात जाऊन बसलीस. मी पण लॅपटॉप मिटला. तू मला शेगडीबद्दल विचारत होतीस आणि मी तुझ्यावर वैतागले. दुसऱ्या दिवशी दुकानात जाऊन ओवीचे फोटो कागदावर काढून घेतले. सोबत पाठवतेय. जांभळ्या कोटातला बालवाडीच्या पहिल्या दिवसाचा आहे, त्यात ती रडलेली नाही, सर्दी आहे. व्हॉट्सॲपवर बघितलेत असं म्हणू नकोस, डब्यात ठेव.

बाकी उत्तरं भराभर देते. पाणी अजून दिवसाआडच, तर टाकीचा बॉल बदलून घ्या, दादांनी स्वतः शिडीवर चढू नये. सांगवीच्या स्थळाला पोरगी नाही म्हणाली, छान केलं. मुलगा फोटोत मोबाईलकडेच बघतोय. वहिनीच्या मेट्रोच्या पासचं काय झालं? डायनासोरच्या बागेत चिनूला घेऊन गेलीस आणि तू पाळण्यात बसलीस, हे खरं का? मंग्याला इन्व्हर्टरच्या बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर घालायला सांग, तो विसरतो.

सगळ्यांना नमस्कार, चिनूला पापा आणि एक धपाटा.

तुमची,
माई

ता. क. आत्याला इतक्यात सांगू नका, पण ती मालिका २०१४ मध्ये दोन सीझन आणि ४२ भागांनंतर चॅनेलने अर्ध्यातच बंद केली, आणि उरलेली गोष्ट पुढच्या वर्षी चार भागांच्या कॉमिकमध्ये उरकली. तिला कळलं तर ती मला इंग्रजीत निषेधाचं पत्र लिहायला लावेल, आणि पत्ताही मलाच शोधावा लागेल.