अनशापोटी, अर्धा तास आधी

छातीतल्या जळजळीला पुण्यात एकच भाव नाही. अमृततुल्याच्या बाकावर ती फुकटात जाते: जिरं चावा, थंड दूध घ्या, डाव्या कुशीवर झोपा. मेडिकलच्या काउंटरवर ती शंभर-दोनशेत भागते. तीच जळजळ मोठ्या हॉस्पिटलच्या काचेच्या दारातून आत गेली की तिला फाइल मिळते, बारकोड मिळतो, आणि मग ती कितीला पडेल हे बिलिंगच्या काउंटरवरची मुलगीसुद्धा डिस्चार्जच्या आधी सांगू शकत नाही.

आमच्या सोसायटीचे चेअरमन या सगळ्या पायऱ्या चढून आले आहेत. रविवारी सकाळी मिसळ, तर्री वेगळी मागून, तिच्यावर दोन चहा. एरवी रात्री साडेदहाला जेवण आणि पावणेअकराला आडवे. जळजळ सुरू झाली तेव्हा त्यांना पहिला संशय आला तो महापालिकेच्या पाण्याचा.

मेडिकलवाल्याने एवढंच विचारलं, "साधी देऊ का डी वाली?" पॅन्टोप्राझोल हे शेड्यूल एचमधलं औषध, डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायचं नाही, असं पाकिटावर छापलेलं असतं. पण ते इतकं बारीक असतं की वाचायला चष्मा लागतो, आणि दोघांचेही चष्मे नेमके घरी राहिलेले असतात. चेअरमनांनी डी वाली घेतली. साधं काही घ्यायची त्यांना सवय नाही. ही गोळी अनशापोटी, खाण्याच्या अर्धा तास आधी घ्यायची असते, तरच ती नीट काम करते. चेअरमन ती मिसळ संपल्यावर घेत, दंडाची पावती फाडल्यासारखी.

वहिनींनी एकदा जनऔषधी केंद्रातून तेच औषध कितीतरी कमी पैशांत आणलं. चेअरमनांनी पट्टी उलटसुलट करून पाहिली. "एवढ्या स्वस्तात गुण यायचा कसा?" म्हणाले, आणि ती कामाच्या मावशींना देऊन टाकली. मावशींना चार दिवसांत बरं वाटलं. मावशींची ॲसिडिटीच हलकी होती, असं चेअरमनांचं मत पडलं.

मग वैद्य झाले. त्यांनी सूतशेखर दिली आणि रात्री लवकर जेवायला सांगितलं. फॅमिली डॉक्टरांनीही तेच सांगितलं, वर पोट कमी करा म्हणाले. "पैसे देऊन हेच ऐकायचं तर आमची आई काय वाईट होती?" चेअरमनांचा हा प्रश्न तसा बिनतोड आहे. आईचंही त्यांनी कधी ऐकलं नव्हतं.

एका रात्री दोन वाजता त्यांनी छाती धरली. इथे मात्र थट्टा नको. जळजळ पित्ताची की हृदयाची, हे घरी बसून भल्याभल्यांना कळत नाही, आणि 'गॅसेस असतील' म्हणत सकाळपर्यंत थांबलेली माणसं आपण सगळ्यांनीच पाहिली आहेत. ईसीजी झाला, ट्रोपोनिन झालं, काही तासांनी पुन्हा झालं. सगळं नॉर्मल. एवढा खर्च शहाणपणाचा.

पण चेअरमन नॉर्मलवर समाधानी नव्हते, आणि हॉस्पिटलचीही काही घाई नव्हती. टूडी एको, टीएमटी, सोनोग्राफी. मग एक पॅकेज निघालं, त्यात बी-ट्वेल्व्ह आणि व्हिटॅमिन डी आपसूक आलं. शेवटी स्कोपी. गिळताना घास अडकत असेल, शी काळी होत असेल, उलटीत रक्त दिसत असेल, वजन विनाकारण उतरत असेल, तर स्कोपी करायलाच हवी, त्यात चालढकल नको. चेअरमनांचं वजन विनाकारण चढलं होतं. रिपोर्ट आला: लॅक्स एलईएस, माइल्ड ॲन्ट्रल गॅस्ट्रायटिस, आरयूटी निगेटिव्ह. सोबत आतले चार रंगीत फोटो. ते त्यांनी सोसायटीच्या ग्रुपवर टाकले. एका काकूंनी घाईत 'हॅपी ॲनिव्हर्सरी' लिहिलं.

बिल अडतीस हजारांचं. चेअरमन निवांत होते, कारण पॉलिसी होती, आणि 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा जीएसटीही शून्य झाला होता. टीपीएच्या खिडकीतून उत्तर आलं की क्लेम बसत नाही. निव्वळ तपासण्यांसाठी ॲडमिट झाल्यास खर्च मिळत नाही. विमा नियामकाने ठरवून दिलेल्या अपवादांत हा चौथ्या क्रमांकाचा. चेअरमन म्हणाले, "पण मी चोवीस तासांच्या वर राहिलो ना!" राहिलात, पण तुम्हाला काही झालं नाही. काही सापडलं असतं, हर्निया वगैरे, तर विचार झाला असता. अर्थात हर्नियाला बहुतेक पॉलिसींत दोन वर्षं थांबावं लागतं. म्हणजे हर्निया तर हवाच, पण तो धीराचा हवा.

दर आधी विचारायला हवे होते, हे खरं. राज्याच्या 2021 च्या नियमांप्रमाणे नर्सिंग होमने दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावायची असते, आणि लावत नाहीत म्हणून महापालिका नोटिसाही काढते. या हॉस्पिटलात फलक होता. प्लॅस्टिकच्या केळीच्या झाडामागे होता, आणि पान बाजूला केलं तर खाटेचा दर नीट वाचता येत होता. स्कोपीचा त्यात नव्हता.

डिस्चार्ज कार्डावर शेवटी लिहिलं होतं: तीच गोळी, अनशापोटी. रात्रीचं जेवण आठच्या आत. जेवणानंतर तीन तास आडवं व्हायचं नाही. पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा घालून ती बाजू सहा इंच उंच करायची.

अडतीस हजार मोजल्यामुळे चेअरमनांनी हे सगळं प्रथमच मनावर घेतलं. विटा तर पार्किंगमध्येच पडून आहेत, कंपाउंडच्या कामातून उरलेल्या. पण सोसायटीची मालमत्ता खासगी वापरासाठी न्यायची तर ठराव लागतो, असा आग्रह सेक्रेटरींनी धरला आहे, आणि तो नियम गेल्या वर्षी खुद्द चेअरमनांनीच करून घेतलेला. सभा येत्या शनिवारी रात्री साडेनऊला आहे. त्यानंतर जेवण, बटाटेवड्यांसकट.