पत्ता बदलला, घर पाडलं

भिंती रंगवायला आलेल्या माणसाने जाताजाता माळ्यावरची ट्रंक रद्दीत घालावी, तसा मायक्रोसॉफ्टचा ऑक्टोबर २०१८चा विंडोज १० अपडेट. ज्यांनी ‘डॉक्युमेंट्स’चा पत्ता दुसऱ्या ड्राइव्हवर हलवला होता, त्यांचं जुनं फोल्डर त्याने ‘आता कशाला हवं’ म्हणत पुसून टाकलं. आत फायली उरल्यात का, हे न बघताच. (आमचा रद्दीवालासुद्धा वह्या एकदा चाळतो हो.) चाचणी करणाऱ्या काहींनी आधीच बोंब मारली होती, पण त्या तक्रारीला इतर वापरकर्त्यांची पुरेशी मतंच पडली नाहीत, म्हणून ती मागेच राहिली! आठवड्याच्या आत अपडेटचं वाटप थांबलं. तुमच्या फायली अशा गेल्याच आणि परत मिळवायच्या असतील, तर त्या डिस्कवर नवं काही साठवू नका. आणि बॅकअप कृपया त्याच डिस्कच्या दुसऱ्या पार्टिशनवर ठेवू नका.