वाटप समितीस अनावृत पत्र

प्रति,
तालुक्यातील समस्त दानशूर कारखानदार, दुकानदार, शिक्षणसंस्थाचालक आणि मंडळाध्यक्ष यांस,



3 डिसेंबर हा जागतिक दिव्यांग दिन. संयुक्त राष्ट्रांनी तो 1992 साली ठरवला, पण सार्थकी लावला तुम्ही. दरवर्षी मांडव पडतो, फ्लेक्सवर मान्यवरांचे चेहरे झळकतात, तीनचाकी सायकली, कुबड्या आणि श्रवणयंत्रे वाटली जातात, प्रमुख पाहुणे जिद्दीवर पाऊण तास बोलतात आणि अल्पोपाहार होऊन मंडळी पांगतात. या सोहळ्यातला व्यवहारचातुर्याचा भाग आजवर कोणी नीट ओळखला नाही, म्हणून हे पत्र. तीनचाकी एकदाच द्यावी लागते. नोकरी दिली तर पगार दर महिन्याला द्यावा लागतो. शिवाय पगार घेणारा माणूस रजा मागतो, बढती मागतो, कँटीनच्या चहाला नावे ठेवतो आणि सत्काराला बोलावले तर 'आज माझी शिफ्ट आहे' म्हणून चक्क नाही म्हणतो. एवढ्या कटकटी टाळून पुण्य पदरात पाडून घेणे हे येरागबाळ्याचे काम नव्हे. एकच गोष्ट तेवढी कळत नाही. ती सायकल घेऊन त्या माणसाने सकाळी नऊ वाजता जायचे कुठे?

हा प्रश्न आपल्या तालुक्यापुरता नाही. 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रात सुमारे 29 लाख 63 हजार दिव्यांगांची नोंद झाली. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या 76 व्या फेरीत, 2018 च्या उत्तरार्धात, देशभरातल्या 15 वर्षे आणि त्यावरील दिव्यांगांना कामाविषयी विचारले गेले, तेव्हा त्यांतले 22.8 टक्के कामावर असल्याचे दिसले. सर्वसाधारण लोकसंख्येत त्याच सुमारास हे प्रमाण 47 टक्क्यांच्या घरात होते. दिव्यांगांमध्ये वयस्कर माणसे जास्त असतात, त्यामुळे ही सगळी तफावत तुमच्या खात्यावर टाकणे अन्यायाचे होईल. हवी तेवढी सूट घ्या. मात्र त्याच पाहणीतला दुसरा आकडा तुमच्या फार उपयोगाचा आहे. काम करणारे आणि काम शोधणारे असे दोन्ही मिळून जेमतेम 23.8 टक्के भरले. म्हणजे बाकीचे शोधतही नव्हते. 'आम्ही घ्यायला तयार आहोत हो, पण अर्जच येत नाहीत' हे तुमचे आवडते वाक्य त्यामुळे आकडेवारीनिशी सिद्ध होते. अर्ज का येत नाहीत, ते मात्र तुमच्याच जाहिरातीत वाचायला मिळते. हिशेबनीस हवा असतो आणि अट असते स्वतःची दुचाकी असण्याची. संगणकावर बिले करणारा हवा असतो आणि मुलाखत असते लिफ्ट नसलेल्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर. कर्णबधिर मुलीने अर्ज केला तर पुढचा निरोप फोनवरूनच येणार, आणि तिने फोन उचलला नाही म्हणजे तिला गरज नाही असे ठरणार. असे चार-पाचदा झाल्यावर माणूस घरी बसतो आणि सर्वेक्षणवाल्याला सांगतो, 'नाही, काम शोधत नाही.'

आता तुमच्या शंका. पहिली म्हणजे 'आमच्याकडे त्यांच्यासारखे काम नाही.' त्यांच्यासारखे काम म्हणजे कोणते, हे आपण एकदा ठरवून टाकले होते: एसटीडी-पीसीओचा पिवळा बूथ. नव्वदच्या दशकात दिव्यांग माणूस आणि टेलिफोनचा बूथ यांची जोडी अशी काही जमली की दुसरे काही सुचवण्याची कोणाला गरजच वाटेना. मग मोबाइल आला, बूथ गेले, आणि बूथबरोबर आपली कल्पनाशक्तीही गेली. आता राज्य सरकार दिव्यांगांना विजेवर चालणाऱ्या वाहनावरचे फिरते दुकान देते. योजना वाईट नाही, ज्याला धंदा करायचा आहे त्याने तो जरूर करावा. पण लेखापाल होऊ शकणाऱ्या माणसालाही आपण टपरीच सुचवतो, ते टपरीत आपल्याला त्याच्या शेजारी बसावे लागत नाही म्हणून, असा मला संशय आहे. बाकी कामाचा इतिहास पाहिला तर खडकीचे क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट 1917 पासून उभे आहे. पहिल्या महायुद्धात अपंग झालेल्या सैनिकांना हाताला काम मिळावे म्हणून ते निघाले. वरोऱ्याच्या आनंदवनात जग ज्यांना हात लावत नव्हते त्यांनी शेती केली, माग चालवले, इमारती बांधल्या. कोल्हापुरात नसीमा हुरजूक यांनी उभारलेल्या संस्थेने सिंधुदुर्गात दिव्यांग कामगारांच्या बळावर काजूप्रक्रिया चालवून दाखवली. मुरलीकांत पेटकरांनी 1972 च्या पॅरालिम्पिकमध्ये मिळवलेले सुवर्णपदक तुमच्या प्रत्येक भाषणात येते. ते पुण्यात टेल्कोत नोकरीला होते, हे मात्र भाषणात येत नाही. पदकाचे कौतुक करायला टाळ्या पुरतात, हजेरीपटावर नाव चढवायला कोणाला तरी सही करावी लागली असणार. आणि मार्च 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दृष्टिहीन व्यक्तींना न्यायाधीशपदाच्या निवडीतून वगळता येणार नाही असा निकाल दिला. तेव्हा दृष्टिहीन माणूस आता खटले ऐकून निकाल देऊ शकेल. तुमच्या गोदामातली आवक-जावक संगणकावर नोंदवणे तेवढे त्याच्या आवाक्याबाहेरचे, असे आपण समजू.

दुसरी शंका सुरक्षिततेची. 'मशीनवर काही झाले तर जबाबदार कोण?' काळजी रास्त आहे. पण वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या छोट्या कारखान्यांत पॉवर प्रेसखाली बोटे जातात ती कोणाची, याचाही एकदा विचार व्हावा. धडधाकट माणूस आत घ्यायचा, सेन्सर बंद ठेवलेल्या प्रेसवर उभा करायचा आणि बोटे गेली की तो 'आमच्या कामाचा नाही' म्हणून बाहेर काढायचा, ही पद्धत चालू असताना दिव्यांगांना कारखाना धोक्याचा म्हणणे म्हणजे कमालच. सरकारी आस्थापनेत नोकरीत असताना अपंगत्व आले तर 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याच्या कलम 20 प्रमाणे काढता येत नाही. खासगीत ते संरक्षण नाही. म्हणजे दिव्यांग तयार करण्यात खासगी क्षेत्राने खंड पडू दिलेला नाही, कामावर ठेवण्यापुरती अडचण आहे.

खर्चाचे म्हणाल तर अमेरिकेत मालकांनाच विचारून केलेल्या पाहण्यांत वर्षानुवर्षे एकच उत्तर येत आले आहे: दिव्यांग कर्मचाऱ्यासाठी केलेल्या सोयींपैकी जवळपास निम्म्यांना एक पैसाही लागत नाही. ते साहजिक आहे. टेबल खालच्या मजल्यावर आणणे, कामाची सूचना तोंडी न देता मेसेजवर लिहून देणे, शिफ्टची वेळ बसच्या वेळेशी जुळवणे, यांना कसला खर्च? संगणक वाचून दाखवणारे एनव्हीडीए नावाचे सॉफ्टवेअर फुकट मिळते. खर्च येतो तो उताराला आणि स्वच्छतागृहाचे दार रुंद करायला, आणि तेवढ्याच सिमेंटमध्ये तुमच्या प्रवेशद्वारावरचे दोन सिंह बसलेले आहेत. शिवाय 2008 मध्ये केंद्र सरकारने दिव्यांग कामगाराच्या भविष्यनिर्वाह निधीतला आणि ईएसआयतला मालकाचा हिस्सा पहिली 3 वर्षे स्वतः भरण्याची योजना काढली. सवलत म्हटली की आपण रांगेत पुढे असतो, पण या सवलतीसाठी रांग काही लागली नाही. तेव्हा अडचण पैशाची आहे, हे मला पटवून घेता येत नाही.

'खासगी क्षेत्राला सक्ती नाही' हा तुमचा हुकमी पत्ता. बरोबर आहे. 4 टक्के आरक्षण सरकारी आस्थापनांना आहे. खासगीसाठी कायदा 5 टक्क्यांकरिता प्रोत्साहन देण्याची भाषा करतो. पण त्याच कायद्याच्या कलम 21 प्रमाणे प्रत्येक आस्थापनेने समान संधी धोरण तयार करून दिव्यांग आयुक्तांकडे नोंदवायचे आहे, आणि 20 किंवा अधिक कर्मचारी असतील तर दिव्यांगांना योग्य अशी पदे कोणती आणि निवड कशी होणार, हेही त्यात लिहायचे आहे. ही सक्ती खासगीलाही आहे. आयुक्तालय पुण्यातच आहे, फार लांब नाही. कायदा मोडल्याबद्दल पहिल्या वेळी दंड 10 हजार रुपयांपर्यंत. मांडवाच्या बिलापुढे ही रक्कम काहीच नाही, म्हणून त्याची भीती घालत नाही. नुसते कानावर घातले.

उरली ती शेवटची आणि सर्वांत प्रामाणिक शंका: 'इथे धडधाकट पोरे बेकार आहेत, त्यांचे काय?' हिच्यात वजन आहे. भरती जेमतेम, अर्ज शेकड्यांनी, अशा वेळी एक जागा एकाला दिली की दुसऱ्याची जाते. पण या तर्काचा रोख पाहा. धडधाकट बेकार पोराला आपण कधी 'नोकरी नाही, ही घे सायकल' असे म्हणत नाही. त्याला निदान रांगेत उभे राहू देतो. दिव्यांगाने मागितलेली गोष्ट एवढीच आहे: रांगेत उभे राहता यावे, आणि रांग जिन्यावरून जात नसावी. आणि बनावट प्रमाणपत्रांचे म्हणाल, तर त्यांचा बोभाटा 2024 मध्ये सनदी सेवेच्या निवडीवरून पुरेसा झाला; त्यात दोष खोटे बोलणाऱ्यांचा आणि तपासणाऱ्यांचा. त्याची शिक्षा खरे प्रमाणपत्र घेऊन आलेल्याला का? शिधापत्रिका खोट्या निघाल्या म्हणून कोणी रेशन दुकान कायमचे बंद केलेले नाही.

जाता जाता ग्रामपंचायत आणि नगरपालिकेतल्या आपल्या सन्मित्रांसाठी. स्वउत्पन्नातला 5 टक्के निधी दिव्यांगांवर खर्च करायचा असतो आणि तो मार्चअखेर बहुतेकदा वस्तू किंवा रोख रक्कम वाटून संपतो. त्यातलाच काही भाग गावातल्या शाळेच्या, दवाखान्याच्या, तलाठी कार्यालयाच्या पायरीशी उतार करण्यात आणि टायपिंग किंवा टॅलीच्या वर्गाची फी भरण्यात गेला, तर फोटो थोडे कमी निघतील, हे मान्य.

तर विनंती अशी. या वर्षी मांडव घालाच, पण निमंत्रणपत्रिकेत प्रमुख पाहुण्यांच्या नावाखाली प्रत्येक दात्याच्या आस्थापनेत एकूण कर्मचारी किती आणि त्यांत दिव्यांग किती, एवढे दोन आकडे छापावेत. कलम 22 प्रमाणे ही नोंद तुमच्या दफ्तरी असायलाच हवी, त्यामुळे वेगळी मेहनत नाही. आकडा शून्य असेल तरी छापावा. छपाईचा दर तोच राहतो. आणि ज्यांना तो पुढच्या वर्षी बदलावासा वाटेल, त्यांनी अर्ज कोणत्या पत्त्यावर पाठवायचे ते जाहीर करावे. कार्यालय वरच्या मजल्यावर असल्यास ईमेलचा पत्ता द्यावा.

कळावे, लोभ असावा.

आपला,
वाटपाच्या दिवशी मागच्या रांगेत बसणारा एक हितचिंतक