अर्धकुशल

हाताला मिलिमीटरचा शतांश कळतो, असा माझा दावा आहे. शाफ्टवरून अंगठा फिरवला की तो २५ चा आहे की २४.९८ चा, हे मी सांगतो. आजवर कुणी ते पडताळून पाहिलेलं नाही, कारण पडताळायची वेळ आली की मी चहाला जातो. पण भोसरीच्या एमआयडीसीत लेथपुढे उभं राहून केस पांढरे केलेल्या टर्नरने एवढाही माज करायचा नाही, तर मग काय नुसती युनियनची वर्गणी भरायची?

कंपनी बंद झाली. गेटवरची नोटीस, अडकलेला हिशोब, हे सगळं तुम्हाला ठाऊक आहे. हा माज घेऊन मी घरी बसलो आणि घरात त्याला गिऱ्हाईक मिळेना. बायकोच्या पोळीला व्हर्नियर लावून "ओव्हॅलिटी आहे" म्हणालो, तर तिने लाटणं माझ्या हातात दिलं. पुढच्या पोळीबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

बाहेर तर त्याहून पंचाईत. लग्नात जिलबी वाढून घेताना कुणीतरी विचारतंच, "सध्या काय करता?" मी "कन्सल्टिंग" म्हणू लागलो. एका गृहस्थांनी खरंच सल्ला विचारला, मिक्सरच्या भांड्याबद्दल. मी दिला. फुकट.

मुलाखतींना जायचो. तिथे सांगत, "तुमचा अनुभव जरा जास्त होतोय." आमटीत मीठ जास्त होतं, अनुभव कसा जास्त होईल? पण होत असे. अनुभवाबरोबर वय यायचं, वयाबरोबर पगाराची अपेक्षा. अपेक्षा मी निम्म्यावर आणली, तरी वय जागचं हलेना.

शेवटी चाकणच्या एका शेडमधून ट्रायलला बोलावणं आलं. मी खिशात स्वतःचा मायक्रोमीटर टाकून गेलो.

आता मायक्रोमीटरचा विषय निघालाच आहे तर बोलू द्या. घरात कुणी बोलू देत नाही. आत अर्ध्या मिलिमीटर पिचचा स्क्रू, थिंबलवर ५० भाग, म्हणून एक भाग सरकला की एक शतांश. १८४८ मध्ये पॅरिसच्या एका पामर आडनावाच्या माणसाने याचं पेटंट घेतलं आणि आम्ही पामर अजून त्यावरच जगतो. मागच्या टोकाला रॅचेट असतं. ते फिरवायचं, टकटक झालं की थांबायचं, वाचायचं. एवढंच. पण लोक रॅचेट सोडून थेट थिंबल पिळतात. पिळत राहिलं की कुठलाही जाड शाफ्ट मापात येतो. माझे एक साहेब असेच मोजायचे. त्यांच्या शिफ्टला कधी रिजेक्शन झालं नाही. झालं ते गिऱ्हाइकाकडे. गरम जॉब मोजणारेही त्यांचेच भाऊबंद. १०० मिलिमीटर व्यासाचा पोलादी शाफ्ट ३० अंशांनी तापला की जवळजवळ साडेतीन शतांशांनी फुगतो. गरम असताना मापात, निवल्यावर भंगारात. मापं २० अंश सेल्सिअसला खरी धरायची, असा जगभरचा नियम आहे. मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये २० अंश फक्त साहेबांच्या केबिनमध्ये असतात, आणि तिथे जॉब जात नाहीत, फायली जातात.

असो. ट्रायल.

मशीन सीएनसी होती. सीएनसीबद्दल माझं मत जुनं आहे आणि ते छापण्याजोगं नाही. हाताला क्रॉस स्लाइडचं हँडल लागत नाही. दार लावायचं, हिरवं बटण दाबायचं आणि काचेतून कूलंटचा पाऊस बघत उभं राहायचं. शिकवायला एक सेटर होता, माझ्या मुलाच्या वयाचा. "काका, दार नीट लागल्याशिवाय सायकल सुरू होत नाही." काका! जुन्या कंपनीत मॅनेजरसुद्धा मला मास्तर म्हणायचे.

दुपारी कटिंगचा आवाज किंचित बदलला. इन्सर्टची धार चालली होती. मी एक हात वर केला, डोळे मिटले (त्याची काही गरज नव्हती) आणि म्हणालो, "इन्सर्ट संपला."

पोराने स्क्रीनकडे पाहिलं. "हो काका, काउंटर लावलाय. अजून चार जॉब निघतील, मग बदलू."

मी डोळे उघडले.

जेवणाच्या सुट्टीत तोच जवळ येऊन बसला. म्हणाला, "पण तुम्हाला आवाजावरून कळलं कसं?" कित्येक महिन्यांत मला कुणी असा प्रश्न विचारला नव्हता, ज्याचं उत्तर मला येतं. घसा उगाच दाटून आला, म्हणून आधी पाणी प्यायलो. मग बोललो, भोंगा होईपर्यंत बोललो. त्या पोराचा डबा तसाच राहिला.

काम मिळालं, ठेकेदाराकडून. कागदावर माझ्या नावापुढे "अर्धकुशल कामगार" असं छापलेलं होतं. सरकारच्या किमान वेतनाच्या तक्त्यात कुशल, अर्धकुशल, अकुशल असे वर्ग असतात आणि कुशलचा दर वरचा. म्हणून ठेकेदाराला कुशल माणूस मशीनवर हवा असतो, कागदावर नको. दोन वर्षांचा आयटीआय, एवढ्या वर्षांचा लेथ. बेअरिंगच्या जागी १३ मायक्रॉनची मुभा असलेला २५ चा शाफ्ट मी हाताने काढून दिलेला आहे. आणि मी अर्धकुशल! इथे मला विनोद सुचत नाही. शिव्या सुचतात. विचारलं, तर ठेकेदार म्हणाला, "सगळ्यांचं तसंच लिहितो, मनाला लावून घेऊ नका." घराचा हप्ता होता. सही केली.

तुमच्या ओळखीत एखादा फिटर, टर्नर, वेल्डर घरी बसला असेल, तर लग्नाच्या पंगतीत त्याला "सध्या काय करता" विचारू नका. कुठे जागा असेल तर सांगा. नसेल, तर त्याच्या कामातलं काहीतरी विचारा. मात्र आधी आपलं जेवण उरकून घ्या.