बारा व्होल्टचा बेसूर

तिरुवैयारुत कान सोडून दुसऱ्या इंद्रियावर कुणाचा फारसा विश्वास नाही. नळाला पाणी येणार का, हे पाइपाच्या घरघरीवरून ठरतं. डोसा उलटायचा केव्हा, हे तव्याच्या आवाजावरून. ज्या गावात संगीतकार त्यागराजांची समाधी आहे आणि दर पौष वद्य पंचमीला शेकडो गळे एकदम त्यांच्या पंचरत्न कृती गातात, तिथे दुसरं काय होणार? अशा गावी माझी सासुरवाड, आणि अशा गावी माझ्या गाडीला विजेचा आजार जडला. वीज म्हणजे जन्माची मुकी.

सकाळी किल्ली फिरवली की सेल्फ एकदाच 'टक्' म्हणायचा आणि मौन धरायचा. धक्का मारला की गाडी सुरू, दिवसभर ठणठणीत. रात्र गेली की पुन्हा 'टक्'. पोंगलमुळे गल्लीतला इलेक्ट्रिशियन गावी गेलेला. मी मल्टिमीटर काढला.

हे पाहताच सासऱ्यांनी वही काढली. तंजावरी मराठी घराणं. सर्फोजीराजे हा त्यांचा रोजचा विषय. राजांनी डोळ्यांच्या रोग्यांचे केसपेपर रंगीत चित्रांसकट ठेवले होते, ते सरस्वती महाल ग्रंथालयात आजही आहेत. मग जावयाच्या गाडीचा केसपेपर नको? त्यांनी लिहिलं : 'रोगी : पांढरी, चार दारांची. तक्रार : सकाळी उठवत नाही. आहार : पेट्रोल.' बाजूला हेडलाइटचं चित्र. त्याला पापण्याही काढल्या.

रात्री बॅटरी 12.6 व्होल्ट, म्हणजे पोट भरलेलं. सकाळी 11.8. इंजिन चालू असताना चौदाच्या आसपास हवेत, तिथे कसेबसे तेरा. म्हणजे कमाई कमी आणि रात्री घरात चोर. चोर पकडायची रीत अशी : बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडायची (आधी निगेटिव्हच, नाहीतर पाना बॉडीला टेकला की दिवाळी) आणि मधे मीटर अँपिअरवर लावायचा. झोपलेली गाडी पन्नास मिलिअँपिअरच्या आत खाते. आमची दोन अँपिअर खात होती! रात्रभरात वीस अँपिअर-तास. बॅटरीच मुळात पस्तिसाची, त्यात वयस्कर.

मग एकेक फ्यूज उपटायचा. ज्या फ्यूजला आकडा पडेल त्या लाइनीत चोर. लाल दहाचा, निळा पंधराचा, पिवळा विसाचा. मी उपटायचो, सासूबाई मीटर वाचायच्या.

"जावईबापू, दोनच."

हॉर्न, वायपर, रेडिओ, डिकीतला दिवा, सगळे निर्दोष सुटले. पेटी रिकामी झाली तरी दोनच. सासऱ्यांनी लिहिलं, 'वैद्य विचारात.'

तेवढ्यात शेजारचे व्हायोलिन मास्तर आले. निवृत्त झालेत, पण कान अजून नोकरीवर आहे. "सार, तुमच्या रेडिओत पाठीमागे कोण गातं?" त्यांनी तमिळमध्ये विचारलं. फ्यूज परत बसवले, बॅटरी जोडली, धक्का मारून गाडी सुरू केली. रेडिओत बारीक कुंई होतीच. मला ती कधीची सवयीची झाली होती. ॲक्सिलरेटर दाबला की ती वर चढे, सोडला की उतरे. मास्तरांनी डोळे मिटले. "इंजिनच गातं आहे. आणि आवाजात खर आहे."

खर! अल्टरनेटर मुळात तीन फेजची एसी वीज काढतो, आणि सहा डायोड तिला एकाच दिशेने चालायला लावतात. त्यांतला एक फुटला की सरळ विजेत लाटा उठतात, रेडिओ त्यांची कुंई करतो आणि बॅटरी नीट भरत नाही. इंजिन बंद झालं की त्याच भोकातून बॅटरी उलटी गळते. अल्टरनेटरची जाड वायर त्या छोट्या फ्यूजांना विचारत नाही, थेट बॅटरीकडे जाते. म्हणून पेटी उपटून काही साधत नव्हतं. मीटर एसीवर करून बॅटरीला लावला. अर्ध्या व्होल्टच्या वर लाट. इंजिन बंद करून, निगेटिव्ह सोडून, ती जाड वायर काढून टेप गुंडाळली आणि पुन्हा अँपिअर मोजले.

"तीस मिलि!" सासूबाई ओरडल्या. इतक्या आनंदाने त्यांनी माझा पगारही कधी ऐकला नव्हता.

पोंगल संपल्यावर तंजावरहून डायोड प्लेट आणली. अल्टरनेटर ओसरीवर उघडला, जुने डाग वितळवून नवी प्लेट डागली. हे तासाभराचं काम; सासऱ्यांना चित्र काढायला त्याहून जास्त वेळ लागला. आता इंजिन चालू असताना 14.1. रेडिओ स्वच्छ. निदान मास्तरांचं, हे केसपेपरात ठळक लिहिलं गेलं. मला 'मदतनीस' हे पद मिळालं.

फी म्हणून मास्तरांना अशोका हलवा दिला. त्यांनी तो घेतला, जाता जाता गाडीच्या नाकावर बोट ठेवलं आणि हॉर्न वाजवायला सांगितला. ऐकून चेहरा आंबट केला. हॉर्नच्या पाठीमागे आवाज लावायचा एक स्क्रू असतो, हे मी त्यांना सांगायला नको होतं.

सासऱ्यांनी नवं पान उघडलंय. 'तक्रार : घसा.'