द्राक्षबागांतून सायकल : नवशिक्यांसाठी

सायकल विकत घेऊ नका, कुणाची तरी मागून आणा. लाखाची घेतली की ती चालवावी लागते. गिअर मात्र हवेतच. नाशिक शहर सोडून गंगापूर, सावरगाव, गिरणारे अशा रस्त्याला लागलात की "चढ? इकडं कुठला चढ?" असं छातीठोकपणे सांगणारा माणूस भेटेल. तो मोटरसायकलवर असतो.

शहरातून निघताना आपण सायकलपटू आहोत, असं कुणाला सांगू नका. याच गावच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ साली 'रेस अक्रॉस अमेरिका' ही सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत दोघांत मिळून पूर्ण केली. इथे सायकलवाल्यांची पारख करणारे चहाच्या टपरीवरही निघतात.

गिअरबद्दल एवढंच : चढ दिसला की गिअर हलका करा, चढ लागल्यावर नव्हे. सगळं वजन पायडलवर असताना गिअर बदललात तर चेन कडकन वाजते, कधी उतरतेही. मग ती चढवताना काळं झालेलं बोट मिसळीच्या पावावर उमटतं. मिसळ वाटेत खावीच लागते, त्यावर चर्चा नको.

आता मुख्य विद्या, म्हणजे थांबणं. चालवायला कुणीही शिकतो. दम लागलाय हे न कळू देता थांबायला अक्कल लागते. या पट्ट्यात कारणं मुबलक आहेत, फक्त हंगाम पाहून निवडावीत. पावसाळ्यात ब्रह्मगिरीकडे बोट दाखवून ढगांचे फोटो काढावेत. जानेवारी ते मार्च तोडणी असते; क्रेट लादलेला ट्रॅक्टर मागून आला की "त्यांना आधी जाऊ दे" म्हणत खाली उतरावं. सगळ्यात उत्तम ऑक्टोबर. गोड छाटणी झालेली असते, वेली उघड्याबोडक्या, आणि डोळे एकसारखे फुटावेत म्हणून बाया हातमोजे घालून काडीकाडीला पेस्ट लावत ओळीने सरकत असतात. बांधावर सायकल टेकवा आणि बागाईतदाराला विचारा, "यंदा डावणी रोगाचं काय?" पावसाची तक्रार, औषधांचे भाव, मजुरांची टंचाई असं सगळं ऐकून होईपर्यंत तुमचा श्वास जागेवर आलेला असतो. शिवाय माणूस चौकस आहे, असं तुमचं नाव होतं. एप्रिलमध्ये खरड छाटणी असते, पण तेव्हा ऊनच असं असतं की कारण शोधायला तुम्ही घराबाहेर पडणार नाही.

बागेतला घड तोडू नका. चोरी तर ती आहेच, पण वाइनची द्राक्षं बारीक, जाड सालीची आणि बियांची असतात. शिक्षा तोंडातच मिळते.

राजीव सामंत यांनी नव्वदच्या दशकात घरच्या जमिनीवर शेनिन ब्लांक आणि सॉव्हिन्यों ब्लांक लावली, २००० साली 'सुला'ची पहिली वाइन बाजारात आली, आणि हा रस्ता गजबजला. 'यॉर्क' आणि 'सोमा' या वाइनरीही याच बाजूला आहेत. टेस्टिंगला उभे राहिलात की ग्लास हलवा, नाक घाला, कपाळाला आठी घाला. समोरचा म्हणेल, लिचीचा वास येतोय. तुम्हाला स्वतःच्या टी-शर्टचा येत असेल, तरी मान डोलवा. घोट तोंडात घोळवून भांड्यात थुंकला तरी चालतो. थुंकल्यावर माणूस जाणकार ठरतो, अशी आपल्याकडे ही एकच जागा असावी.

क्रम मात्र उलटा करू नका : सायकल आधी, वाइन नंतर. वाइननंतर सायकलवर बसायचं नाही. गंगापूर धरणाकडून येणाऱ्या रस्त्यावर शनिवार-रविवारी मोटारी अंगावर येतात, आणि त्यांतले काही तुमच्याच शेजारी टेस्टिंगला उभे होते. परतीला टेम्पो सांगून ठेवा. सायकल आडवी टाकताना चेनची बाजू वर ठेवा, आणि भाडं पहिल्या ग्लासाच्या आधी ठरवा.