साहेब, ऑगस्टात या!

सरकारी दवाखान्याची तपासणी बहुधा कोरड्या दिवसांत होते. चादरी नव्या, फिनाईलचा वास ताजा, शेरा ‘समाधानकारक’. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो; साहेबांनी जायचे कसे? पेशंटने यायचे कसे, हे विचारणे शिष्टाचारात बसत नाही. आदिवासी भागात २०,००० लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, असा निकष आहे. मधल्या नाल्यांना निकष नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये अहेरी तालुक्यात आई-बापांनी दोन लेकरांचे मृतदेह खांद्यावर घेऊन जिमलगट्ट्याच्या दवाखान्यातून पत्तीगावची चिखलवाट तुडवली. म्हणून पुढची तपासणी ऑगस्टात ठेवावी आणि साहेबांना खाटेवर घालून, नाला ओलांडून दवाखान्यात न्यावे. शेरा वाचनीय होईल.